कुकडीकाठची राख, टोबाची काहील

जुन्नर तालुक्यात बोरी नावाचं गाव आहे. तिथे कुकडी नदीच्या काठाची उभी कड पाहिली, तर माती, गोटे आणि चुनखडीच्या खड्यांच्या थरांमध्ये एक पांढुरका पट्टा दिसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो चुनखडीचाच वाटला. बोटांत चोळला तर पिठासारखा मऊ, पण जिभेवर कण गेला की कचकच. पुण्यात एका मित्राकडे त्यातली चिमूटभर पूड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बराच वेळ डोळा काढवला नाही. ती सगळी काच होती. चपटे, वाकडे, टोकदार तुकडे, फुटलेल्या बांगडीसारखे. प्रत्येक तुकडा म्हणजे फुटलेल्या एका बुडबुड्याची भिंत.

सह्याद्रीच्या पायथ्याशी ही काच आली कुठून? आपला काळा दगडही ज्वालामुखीचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि ही नदीची माती त्या मानाने कालची. १९८० च्या दशकात डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू, शीला मिश्रा, रवी कोरीसेट्टर आणि त्यांचे सहकारी या थरावर काम करत होते, कारण याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारं मिळत होती. राखेतल्या काचेचं रासायनिक पृथक्करण झालं तेव्हा बोट थेट सुमात्रा बेटाकडे गेलं. बोरीपासून सुमारे सव्वातीन हजार किलोमीटरवरच्या टोबा सरोवराकडे.

तेव्हापासून मनात होतं, की ही राख जिथून निघाली ती जागा एकदा पाहायची. लोक नदीच्या उगमाला जातात, मी राखेच्या उगमाला निघालो.

मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून मेदान. मेदानहून बहुतेक प्रवासी सरळ सरोवराकाठच्या पारापातला जातात. मी मुद्दाम वाट वाकडी करून बेरास्तागीला मुक्काम केला. थंड हवेचं, भाजीपाल्याचं गाव. इथून सिनाबुंग दिसतो. हा ज्वालामुखी कित्येक शतकं निजलेला होता, तो २०१० साली उठला आणि पुढची काही वर्षं त्याने भोवतालची गावंच्या गावं रिकामी करायला लावली. त्याचा आकार शाळेच्या पुस्तकातल्यासारखा आहे. खाली रुंद, वर निमुळता, माथ्यावर धूर. ज्वालामुखी म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं ते सगळं त्याच्यापाशी आहे. टोबापाशी त्यातलं काहीच नाही.

बेरास्तागीहून दक्षिणेला दीड-दोन तास गेलं की मेरेकच्या पुढे सपाट शेतं संपतात. कॉफी, कोबी, संत्री, आणि मग एकदम पायाखालची जमीनच नाहीशी होते. टोंगिंगच्या वरच्या कड्यावर उभा राहिलो तेव्हा समोर खाली निळं पाणी होतं आणि त्या पाण्याला शेवट नव्हता. उजवीकडे कड्याच्या भिंतीतून सिपिसोपिसो धबधबा निघतो. तो पठाराच्या वरून वाहत येऊन पडत नाही. जमिनीखालून आलेलं पाणी भिंतीच्या पोटातल्या भोकातून बाहेर पडतं आणि सुमारे १२० मीटर खाली कोसळतं. आधी मी त्या धबधब्याकडेच पाहत राहिलो. भिंतीकडे लक्ष जायला वेळ लागला. ही भिंत डावीकडे जाते, वळते, धुक्यात शिरते, पलीकडच्या काठावर पुसट होऊन पुन्हा उगवते. ही ज्वालामुखाची कड आहे हे ठाऊक असूनही डोळ्यांना ते पटत नाही. वाटतं, डोंगरांनी वेढलेलं एक मोठं तळं आहे, इतकंच.

आकडेच सांगतो. हे कुंड सुमारे १०० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद. पुण्याच्या शनिवारवाड्यापाशी एक टोक ठेवलं तर दुसरं साताऱ्यापर्यंत येईल. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, आणि सर्वांत खोल जागी खोली ५०० मीटरच्या आसपास. मध्ये सामोसिर नावाचं बेट आहे, मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढं क्षेत्र होतं त्याहून किंचित मोठं. सरोवरात साठलेलं पाणी सुमारे २४० घन किलोमीटर, म्हणजे कोयनेचे ऐंशीहून अधिक जलाशय.

अशा कुंडाला भूशास्त्रात कॅल्डेरा म्हणतात. शब्द स्पॅनिश, अर्थ मोठी कढई. मला आपला ‘काहील’ शब्द जास्त आवडतो, आणि तो नुसता भाषांतरापुरता चपखल नाही. गुऱ्हाळावर उभं राहून पाहिलेलं असेल तर टोबात काय झालं ते निम्मं कळतंच. काहिलीतला ताजा रस पातळ असतो, त्यातून बुडबुडे सुटतात आणि सहज विरतात. तोच रस आटून काकवीवर आला की बुडबुडा वर यायलाच जड जातो, आतल्या आत फुगतो आणि फुटतो तेव्हा चटका देत उडतो. म्हणून तर गुळव्या तेव्हा पोरांना लांब उभं करतो. दख्खनचा लाव्हा रसासारखा होता. त्यात सिलिका निम्म्याच्या आसपास, त्यामुळे तो लांबच्या लांब भेगांतून वर आला, वाहिला, थिजला, त्यावर पुढचा थर आला, आणि त्या पायऱ्या आपण रोज घाटात पाहतो. टोबाच्या शिलारसात सिलिका ७० टक्क्यांच्या पुढेमागे. ही दाट काकवी. शिवाय तिच्यात पाणी विरघळलेलं.

पाणी आलं कुठून, तर समुद्रातून. सुमात्राच्या पश्चिमेला हिंदी महासागराचा तळ दर वर्षी काही सेंटिमीटर बेटाखाली सरकतो आहे. २००४ ची त्सुनामी याच सरकण्याची. हा तळ ज्या भूपट्टाचा भाग मानतात त्यालाच भारत-ऑस्ट्रेलिया पट्ट म्हणतात, आपला देश त्याच्याच एका टोकावर बसलेला आहे. ओला झालेला खडक खोल जातो, तापतो, त्यातलं पाणी वर निसटतं आणि त्यामुळे वरचा खडक वितळतो. असा शिलारस टोबाच्या खाली हजारो वर्षं साठत गेला. वर काही किलोमीटर जाडीचं छत, खाली दाबलेली काकवी.

सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी ते छत तडकलं. दाब सुटल्याबरोबर विरघळलेल्या पाण्याची वाफ झाली आणि सगळा रस फेसासारखा फुगून फुटला. पोट रिकामं होऊ लागलं तसं वरचं छत भोवतालच्या तड्यांवरून खाली बसत गेलं, आणि बसताना त्याच्याच भाराने उरलेला रस कडांतून बाहेर दाबला गेला. म्हणजे हा डोंगर उडाला नाही, खचला. टोंगिंगच्या कड्यावर मला शिखर का दिसत नव्हतं याचं उत्तर यात आहे. जे उंच असायला हवं होतं ते पाण्याखाली आहे.

बाहेर पडलेल्या शिलारसाचा प्रचलित अंदाज २,८०० घन किलोमीटर आहे. हा आकडा मी वर्षानुवर्षं वाचत होतो आणि तो माझ्या डोक्यात कधीच बसला नव्हता. कड्यावर बसून वहीत भागाकार केला. एवढा खडक अख्ख्या महाराष्ट्रावर, सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत, सारखा पसरला तर थर नऊ मीटर जाडीचा होईल. तीन मजले बुडतील. १९९१ साली फिलिपिन्सच्या पिनातुबोने जगाचं हवामान दोन वर्षं बिघडवलं होतं, त्याचा ऐवज याच मोजमापाने पाच घन किलोमीटरच्या आसपास भरतो.

मेरेकहून पारापातकडे जाणारा रस्ता कुंडाच्या पूर्व कडेने जातो. सुमात्री पाइनची झाडं, मधून मधून खाली सरोवर. रस्त्यासाठी कापलेल्या दरडींत फिकट, करडा, खरखरीत खडक दिसतो. हा टोबाचा टफ. तापलेली राख आणि वायू यांचे लोट जमिनीसरसे धावले, पूर्वेला मलाक्काच्या सामुद्रधुनीपर्यंत आणि पश्चिमेला हिंदी महासागरापर्यंत पोहोचले, आणि थांबले तिथे इतके गरम होते की राखेचे कण एकमेकांना चिकटून दगड झाला. काही ठिकाणी या थराची जाडी शेकडो मीटर आहे. एका दरडीपाशी गाडी थांबवली. खडकात गारगोटीचे स्वच्छ स्फटिक, ज्वारीच्या दाण्याएवढे, आणि अभ्रकाची काळी चमक. जड स्फटिक इथेच राहिले आणि हलकी काच वाऱ्यावर गेली. कुकडीकाठी मला फक्त काच मिळाली होती. तिचे सोबती इथे दरडीत बसलेले होते.

हा खडक ज्वालामुखीच्या राखेचा आणि हे सरोवर त्या उद्रेकाने खचलेलं कुंड, हे पहिल्यांदा नीट मांडलं डच भूशास्त्रज्ञ व्हान बेमेलन यांनी, १९२९ पासून पुढच्या दशकभरात. सुमात्राच्या जंगलांतून पायी हिंडून, उपग्रहाचं एकही चित्र न पाहता. कड्यावर उभं राहूनही ज्याला ते दिसत नाही अशा माझ्यासारख्याला या माणसाच्या नजरेचं मोल तिथेच कळतं. पुढे हेही निष्पन्न झालं, की टोबा एकदाच फुटलेला नाही. सुमारे बारा लाख, आठ लाख आणि पाच लाख वर्षांपूर्वीचे थर मिळाले आहेत, आणि ७४,००० वर्षांपूर्वीचा चौथा, सर्वांत मोठा. आजचं कुंड या चारांचा मिळून झालेला खड्डा आहे. बोरीच्या राखेवर अभ्यासकांचा बराच वाद झाला तो यामुळेच. राख टोबाची, पण कितव्या स्फोटाची? कोणी तिचं वय लाखांत काढलं, कोणी ७४,००० वर्षं, आणि त्यावर तिथल्या हत्यारांचं वय अवलंबून. एका पांढऱ्या पट्ट्यावरून महाराष्ट्रातल्या माणसाच्या वास्तव्याचा इतिहास लाखो वर्षांनी मागेपुढे सरकतो.

पारापातहून सामोसिरला जायला फेरीबोट. तासाभराचा रस्ता, बोटीत भाजीच्या पाट्या, शाळेची मुलं, मोटारसायकली. पाणी शांत होतं, तरी मला आतून शांत वाटत नव्हतं. १८ जून २०१८ रोजी याच सरोवरात ‘सिनार बांगुन’ नावाची बोट सामोसिरच्या सिमानिंदोहून तिगारासला येताना बुडाली. दीडशेहून अधिक माणसं गेली. बोट सापडली ती सुमारे ४५० मीटर खोल, आणि तिथून बहुतेकांना वर आणता आलं नाही. सरोवराची खोली पुस्तकात वाचणं वेगळं. तिगारासच्या धक्क्यावर त्या माणसांचं स्मारक आहे. इतक्या खोल पाण्यात वरचं आणि तळचं पाणी सहसा मिसळत नाही, तळाशी प्राणवायू कमी असतो. उत्तरेकडच्या हरांगगाओलच्या खाडीत मत्स्यपालनाचे पिंजरे दाटीने आहेत. २०१६ साली तिथे प्राणवायू घटून लाखो मासे मेले होते. स्थानिक लोक याबद्दल बोलतात तेव्हा आवाज खाली जातो, कारण पिंजरे त्यांच्याच नातलगांचे आणि पाणीही त्यांचंच.

बोट तुकतुकला लागते. तुकतुक म्हणजे बेटाच्या पूर्वेला पाण्यात शिरलेलं एक गोलसर टेकाड, लाव्हाचा फुगवटा. महास्फोटानंतर उरलेली दाट काकवी हळूहळू वर येऊन इथे गोळा झाली. आज त्यावर खानावळी आणि झोपायच्या खोल्या आहेत. मी तीन रात्री त्या फुगवट्यावर झोपलो.

सामोसिर हा तोबा-बाताक लोकांचा मुलूख. ‘होरास!’ म्हणून भेटतात, आणि ते शब्दात कमी, छातीत जास्त असतं. त्यांची जुनी घरं लाकडी खांबांवर, छप्पर दोन्ही टोकांना उचललेलं, होडीच्या नाळेसारखं. तोमोकला सिदाबुतार राजांच्या दगडी समाध्या आहेत, अंबारितात दगडी आसनांची पंचायत आहे. हा सगळा दगड कुंडातलाच. सरोवराची त्यांची कथा अशी: तोबा नावाच्या कोळ्याला सोनेरी मासा मिळाला, माशाची बाई झाली, त्याने लग्न केलं. अट एकच, मुलाला कधी माशाचं पोर म्हणायचं नाही. मुलाचं नाव सामोसिर. एके दिवशी भुकेल्या बापाच्या तोंडून रागाच्या भरात ते निघून गेलं, जमिनीतून पाणी उसळलं आणि दरी बुडाली. स्फोट पाहिलेलं माणूस ही कथा सांगायला उरलं असेल, असं मी म्हणणार नाही. तो काळ फार लांबचा. पण शांत दिसणाऱ्या घराखाली काहीतरी दाबलेलं असतं, हे ज्यांनी रचलं ते या जमिनीवर राहणारेच होते.

तोमोकच्या बाजारात एका इनांगसमोर हिरव्या मण्यांचा ढीग दिसला. इनांग म्हणजे आई, कोणत्याही पोक्त बाईला इथे असंच म्हणायचं. तिने दोन मणी माझ्या हातावर ठेवले. चावले आणि क्षणात जीभ झिणझिणली, लिंबाच्या सालीसारखा वास नाकात चढला. तिरफळ! बांगड्याच्या तिखल्यातलं, आमच्या रत्नागिरीच्या घरातलं. याला इथे आंदालिमान म्हणतात. झाड निराळं, पण कूळ तिरफळाचंच, झँथोझायलम. बाताक लोक हळद, आलं, आंदालिमान घालून मासा रस आटेपर्यंत शिजवतात, त्याला आर्सिक म्हणतात. त्या दुपारी मी खाल्लं ते गोड्या पाण्याचं कार्प होतं, आणि घास घेताना आईचा हात आठवला.

टोबाच्या राखेबद्दल गेली पंचवीस-तीस वर्षं एक मोठा प्रश्न विचारला गेला. १९९० च्या दशकात मायकेल रॅम्पिनो आणि स्टीफन सेल्फ यांनी टोबाने जगावर ज्वालामुखीजन्य हिवाळा आणला असावा असं मांडलं, आणि १९९८ साली स्टॅन्ली अँब्रोस यांनी त्यापुढे जाऊन म्हटलं, की त्या हिवाळ्यात मानवजात जवळजवळ संपली असावी, मोजके हजार लोक उरले असावेत. कल्पना थरारक होती, म्हणून ती जगभर पसरली. तिला तपासणारा पुरावा मात्र राखेतच होता, आणि त्यातला महत्त्वाचा भाग भारतात मिळाला. आंध्रच्या जुन्या कर्नूल जिल्ह्यात ज्वालापुरम इथे टोबाच्या राखेचा अडीच मीटर जाडीचा साठा आहे. २००७ साली मायकेल पेट्राग्लिया, कोरीसेट्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की राखेच्या खालची आणि वरची दगडी हत्यारं एकाच घडणीची आहेत. सोन नदीच्या खोऱ्यात ढाबा या ठिकाणीही माणसाचं काम खंड न पडता चालू राहिलेलं दिसतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळात राखेचा धागा सापडला, पण त्यालगत तीव्र थंडीची खूण मिळाली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या पिनॅकल पॉइंटला तर राखेच्या काळात वस्ती उलट वाढलेली. मला ही बाजू पटते. एवढं आकाश कोसळलं असेल तर खूप माणसं, खूप जनावरं मेली असणार यात शंका नाही. पण कुठल्या तरी ओढ्याकाठी कोणीतरी राख झटकून पुन्हा दगड तासायला बसलं, हे ज्वालापुरमच्या मातीत लिहिलेलं आहे.

राख पश्चिमेला भारतावरून अरबी समुद्रात आणि ईशान्येला दक्षिण चीन समुद्रातही सापडते. वारे एकाच वेळी अशा उलट दिशांना वाहतात ते नैर्ऋत्य मोसमी काळात, खाली एकीकडे, उंचावर दुसरीकडे. त्यावरून स्फोट पावसाळ्यात झाला असावा असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे जे उंचावरचे वारे दर आषाढात आपल्या डोक्यावरून जातात, त्यांनी ती काच इकडे आणली असेल.

शेवटच्या दिवशी बेट ओलांडायचं ठरवलं, पूर्वेकडून पश्चिमेला पांगुरुरानपर्यंत. सामोसिर हे बेट म्हणून जन्मलेलं नाही. कुंड खचल्यावर त्यात पाणी साठलं, तळाशी गाळ बसत गेला. मग खालून उरलेल्या शिलारसाने तळच वर ढकलायला सुरुवात केली. सुमारे ३३,००० वर्षांपूर्वीपर्यंत आजचा बराचसा सामोसिर पाण्याखाली होता. तेव्हापासून तो किमान सातशे मीटर उचलला गेला आहे. उचलला तोही तिरका: पूर्वेची कड उंच कड्यासारखी, पश्चिमेची उतरती, तव्यावर एका बाजूने फुगलेल्या भाकरीसारखा.

आमचे चालक अमांग पन्नाशीचे, कमी बोलणारे. पूर्वेचा कडा चढताना गाडीने दम टाकला. माथ्यावर पठार लागलं. विरळ गवत, म्हशी, मधेच भाताचा तुकडा, आणि बेटावरचं एक चिमुकलं तळं. बेटातल्या तळ्याकाठी उभं राहिलं की आपण सरोवरात आहोत हे विसरायला होतं. एका वळणावर रस्त्याची ताजी दरड होती. मी उतरलो. खडक नव्हता, गाळ होता. फिकट, पापुद्र्यांचा, जुन्या चोपडीच्या पानांसारखा एकावर एक. नखाने पापुद्रा सुटला, हलका, खडूसारखा. यात डायाटम असतात, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळी जीव, त्यांचंही कवच काचेचं. सरोवराचा तळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच जागी उन्हात सुकत होता, आणि त्यावर एक म्हैस उभी होती. पापुद्रा होता तिथे परत ठेवला. २०२० पासून हा सगळा परिसर युनेस्कोचं जागतिक भूउद्यान आहे, पण तसं नसतं तरी मला तो खिशात घालवला नसता.

तिथून उतार सुरू झाला. समोर सामुद्रधुनीपलीकडे पुसुक बुहित, सुमारे १,९७० मीटरचा डोंगर, कुंड खचल्यानंतर उगवलेला. बाताकांचा मूळ पुरुष सि राजा बाताक इथे उतरला असं ते मानतात. त्याच्या पायथ्याशी गंधकाचे गरम झरे आहेत, पांढऱ्या-पिवळ्या उतारावर वाफ दिसत होती. भूकंपलहरींवरून केलेल्या अभ्यासांत टोबाच्या खाली सात किलोमीटरच्या पलीकडे शिलारस अजूनही थराथरांनी साठलेला दिसतो. डोंगरापाशी पोहोचायला तानो पोंगोलचा कालवा ओलांडावा लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डचांनी तो खणेपर्यंत इथे एक चिंचोळी पट्टी सामोसिरला मुख्य भूमीशी जोडून होती.

उतार इतका सलग होता की अमांगनी इंजिन बंद केलं. डिझेल वाचतं, म्हणाले. गाडी आवाज न करता घरंगळत राहिली, एकाच कलाने, कितीतरी किलोमीटर. ज्या कलाने बेट उचललं गेलं होतं तोच कल. दोन्ही बाजूंना गाळाच्या फिकट दरडी, त्यावर भात, कबरींवर उभारलेली छोटी घरं, शाळेतून परतणारी मुलं. खिडकीतून गंधकाचा वास यायला लागला. पांगुरुरानची पहिली घरं दिसली, तेव्हा अमांगनी पुन्हा किल्ली फिरवली.